चार झुडपांची हद्द

आयोनी ब्लॅकस्टॉकला जमीन दाखवायला नेणं म्हणजे डोक्याला ताप, असं जमैकातल्या आमच्या मँचेस्टर परगण्यातले झाडून सगळे दलाल तुम्हाला सांगतील. बाई किंग्स्टनच्या बाजारात कोनफळं विकते. कोनफळ दाबून, हुंगून, नखानं खरवडून घेणारी बाई जमीन काय नुसती बघून घेणार? एका जागेची माती तिनं जिभेवर ठेवून पाहिली आणि थुंकली. एका जागी पाणी नव्हतं. एक जागा इतकी झकास होती की मालकानं ती तिच्याआधी आणखी दोघांना विकून ठेवली होती. दरवेळी बाई मिनीबसनं डोंगर चढायची, बुटांना लाल माती लावून घ्यायची आणि तोंड पाडून परत जायची.

आणि दरवेळी तिच्या पिशवीत एक डबी असायची. खोकल्याच्या गोळ्यांची, पत्र्याची, गंजलेली.

त्या डबीत तिच्या मुलीची, डेलरीनची नाळ होती. आमच्याकडं पोर जन्मलं की त्याची नाळ आपल्या जमिनीत पुरायची आणि वर झाड लावायचं. ते झाड त्या पोराचं. पुढं पोर लंडनला जाऊदे नाहीतर तुरुंगात, झाड त्याचंच. पण डेलरीन जन्मली किंग्स्टनमध्ये, भाड्याच्या खोलीत, सिमेंटच्या अंगणात. दुसऱ्याच्या अंगणात पोरीची नाळ पुरायची म्हणजे पोरीला जन्मभर घरमालकाच्या पदरात टाकायची. आयोनीनं नाळ वाळवली, वर जायफळाची पूड घातली आणि डबीत ठेवून दिली. वर्ष-दोन वर्षांत आपली जमीन होईल, मग पुरू, असं म्हणाली. डेलरीन आता चांगली नोकरी करणारी बाई झाली होती आणि डबी अजून पिशवीतच होती.

"आई, फेकून दे गं ते," डेलरीन म्हणायची. "ऑफिसात कुणाला कळलं तर माझी शोभा होईल."

"तुला फेकून देऊ का आधी?" आयोनी म्हणायची.

"अगं, मग कुठल्यातरी घराण्याच्या जमिनीत पूर. मावशीकडं आहे की जागा."

बस्स. घराण्याची जमीन हे शब्द निघाले की आयोनीचं डोकं फिरायचं, आणि त्यात तिची काही चूक नव्हती. घराण्याची जमीन कुणाच्या एकट्याच्या नावावर नसते. ज्या म्हाताऱ्याची तिथं कबर, त्याच्या सगळ्या वंशावळीची ती जमीन. ती विकता येत नाही, आणि हक्क सांगायला आलेल्याला हाकलताही येत नाही. आयोनीच्या आईनं अशाच जमिनीवर पै-पै जोडून दोन खोल्यांचं फळ्यांचं घर बांधलं होतं. एके दिवशी इंग्लंडहून एक चुलतभाऊ उतरला. बापजन्मात कधी न पाहिलेला. तो सरळ आजोबांच्या कबरीपाशी गेला, टोपी काढली आणि म्हणाला, "हे माझेही आजोबा." झालं! त्याला नेमकी घराखालचीच जागा हवी होती. आयोनी शाळेतून आली तेव्हा लोक घराच्या फळ्या उपसत होते. तिच्या आईनं पुढचं सगळं आयुष्य भाड्यानं काढलं आणि भाड्याच्या खोलीतच मेली.

म्हणून आयोनीनं ठरवलं होतं, की जमीन घेईन तर जिच्यात एकही कबर नाही अशी. तिला मेलेल्यांची भीती नव्हती. तिला भीती होती ती त्यांच्या जिवंत नातवंडांची.

युस्टस पिनकची जमीन तिला मिळाली ती अशी शोधून शोधून थकल्यावर. म्हाताऱ्याला सगळे मानानं मास युस्टस म्हणायचे. मूल ना बाळ. बायको तरुणपणीच इंग्लंडला गेली ती गेलीच, पत्रसुद्धा नाही. आता गुडघे चढ चढू देईनात, म्हणून तो जमीन विकून गावातल्या बहिणीकडं राहायला निघाला होता. जमीन त्यानं स्वतः विकत घेतलेली, कागद चोख. आयोनीनं माती जिभेवर ठेवली आणि या वेळी गिळली. पिमेंटोची मसाल्याची झाडं, कुंपणाला तूर, मागं भलामोठा नीरफणस. म्हाताऱ्यानं गुडघे धरत धरत तिला चारी बाजूंची हद्द दाखवली, खालच्या बाजूला दगडी बांधापर्यंत. सोमवारी वकिलाकडं सह्या करायच्या ठरल्या.

शनिवारी आयोनी डेलरीनला जागा दाखवायला घेऊन आली. मास युस्टसनं नीरफणस भाजून ठेवला होता, सोबत खारा मासा. डेलरीन हातानं वारा घेत म्हणाली, "आई, इथं फोनला रेंज नाही."

"देवाची कृपा," आयोनी म्हणाली. कधी नव्हे ती खुशीत होती. नीरफणसाला मिठी मारावी म्हणून ती झाडाच्या मागच्या बाजूला गेली आणि जागच्या जागी थिजली.

तिथं ड्रॅगन म्हणतात त्या झाडाची चार झुडपं होती. चार कोपऱ्यांना चार, लालजांभळ्या पानांची, नीट छाटलेली. मधली जागा झाडून लख्ख केलेली. कडेनं पांढरे दगड.

आता आमच्या डोंगरात शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे, की ड्रॅगन दोनच ठिकाणी लावतात. एक हद्दीवर. दुसरं कबरीवर.

"मास युस्टस!" तिनं अशी हाक मारली की कोंबड्या उडाल्या. "हे काय आहे?"

म्हातारा लंगडत आला. त्यानं झुडपांकडं पाहिलं, मग आकाशाकडं पाहिलं. "ती होय? ती हद्द आहे."

"कसली हद्द?"

"हद्द म्हणजे... हद्द. जमिनीची."

"हद्द तिकडं खाली बांधाला आहे. तुम्हीच दाखवलीत ना परवा? मग जमिनीच्या मधोमध ही कुठली हद्द आली? आणि चौकोनी?"

"जुनी हद्द," म्हातारा पुटपुटला. त्याचे कान लाल झाले. आमच्या लोकांचे कान लाल झालेले चटकन दिसत नाहीत, पण आयोनी बाजारात बसणारी बाई आहे, तिला दिसतात.

"कोण आहे इथं?" तिनं विचारलं.

"कुणी नाही."

"आई होती तुमची? बाप?"

"अगं बाई, कुणी नाही म्हटलं ना!"

आयोनी नीरफणसाच्या मुळावर मटकन बसली. तिला तो टोपी काढणारा चुलतभाऊ दिसला. तिला दिसलं, की आपण घर बांधलंय, डेलरीनच्या झाडाला फळं लागलीत आणि एके दिवशी कुणीतरी बॅग घेऊन फाटकातून आत येतंय. तिचे डोळे भरून आले आणि त्याचा तिला संताप आला.

"आई," डेलरीन हळूच म्हणाली, "कागद चोख आहे. वकिलानं पाहिलाय. कायद्यानं कुणी काही करू शकत नाही."

"कायदा येणार आहे का इथं माझ्याबरोबर झोपायला?" आयोनी म्हणाली. "उद्या हक्क सांगायला जो येईल, शेजारपाजारचे सगळे त्याच्याच बाजूनं उभे राहतील. तुझ्या आजीच्या बाजूनं कुणी उभं राहिलं होतं का? चल, ऊठ. सोमवार बिमवार काही नाही."

तेवढ्यात कुंपणावरून आवाज आला. "सांगून टाक की रे, युस्टस. की मी सांगू?"

ही मिस झेल्फा, शेजारीण. वय विचारायची कुणाची हिंमत नाही. तिला ही जमीन तिच्या भाच्यासाठी हवी होती आणि युस्टसनं दिली नाही म्हणून ती त्याच्याशी बोलत नव्हती, हे आयोनीला दलालानं आधीच सांगितलं होतं.

"तू तोंड मिट, झेल्फा!" म्हातारा ओरडला.

"का मिटू? दफनाला मी होते. नवव्या रात्रीच्या जागरणाला गाणी मीच म्हटली, घसा बसेपर्यंत."

आयोनीनं छातीवर हात मारून घेतला. "ऐकलंस, डेलरीन? नवव्या रात्रीचं जागरणसुद्धा झालंय! आणि हा माणूस मला हद्द सांगतोय!"

"आणि रमही नव्हती त्या जागरणाला," मिस झेल्फा तुरीच्या शेंगा तोडत म्हणाली. "नुसता चहा. ती रम प्यायची नाही म्हणे."

"ती कोण?" आयोनीनं विचारलं.

म्हाताऱ्यानं डोक्यावरची टोपी काढली.

"डचेस," तो म्हणाला.

"डचेस कोण? बायको?"

"बायको इंग्लंडला गेली, तुला सांगितलंय मी. डचेस माझी..." त्यानं घसा खाकरला. "गाढवी."



"गाढवी?" आयोनी म्हणाली.

"कोनफळं वाहायची. बाजाराला मी तिच्याबरोबर चालत जायचो, तिच्यावर बसलो नाही कधी. बायको गेली त्या वर्षी मी अंथरूण धरलं होतं, तर ही रोज सकाळी खिडकीतून तोंड आत घालायची. मी उठेपर्यंत काढायची नाही. मग ती मेली. तिला काय ओढ्यात फेकून देऊ?" म्हातारा आता चिडला होता. "पुरलं. ड्रॅगन लावला. चुकलं माझं, बरं! मग गावानं माझा जीव खाल्ला. लग्नाला गेलो तरी ढेंचू. चर्चमध्ये उभा राहिलो तरी मागून ढेंचू. म्हणून मी सांगायला लागलो, की ती हद्द आहे."

डेलरीननं तोंडावर हात दाबला होता आणि तिचे खांदे हलत होते.

पण आयोनी सहजासहजी विश्वास ठेवणारी नाही. ती उठली. झुडपांभोवती एक फेरी मारली. जागा लांब होती तशी रुंदही होती. बाजारातल्या सगळ्यांत जाड बाईलासुद्धा एवढी रुंद कबर लागली नसती. शिवाय आमच्याकडं माणूस पुरतात तो पूर्व-पश्चिम, आणि ही जागा पार आडवी, दक्षिणोत्तर पडली होती.

"मिस झेल्फा," ती वळून म्हणाली, "तुम्ही मेलेल्यांची शपथ घेऊन सांगाल?"

मिस झेल्फा शेंगा तोडायची थांबली. सौदा मोडला असता तर जमीन तिच्या भाच्याच्याच पदरात पडली असती. तिनं एक दीर्घ श्वास घेतला. क्षणभर मोह झाला असणार, खोटं कशाला बोला.

"माझ्या आईची शपथ," ती म्हणाली. "गाढवीच आहे. आणि या जमिनीत दुसरं काही पुरलेलं नाही. माझं दुर्दैव."

आयोनीचा जीव भांड्यात पडला. ती पुन्हा मुळावर बसली आणि हसायला लागली. हसता हसता रडायला लागली, रडता रडता परत हसायला. डेलरीननं तिला धरलं. मिस झेल्फाही कुंपणाला टेकून हसली आणि शेवटी मास युस्टसही हसला, पण टोपी हातातच धरून.

"गाढवाला नातवंडं असतात का हो, मास?" डोळे पुसत आयोनीनं विचारलं.

"नाही. मूलच झालं नाही तिला," म्हातारा गंभीरपणे म्हणाला.

"देव भलं करो तिचं!"

सोमवारी सह्या झाल्या. वकिलाकडून बाहेर पडल्यावर आयोनी जेवायलाही थांबली नाही, मुलीला ओढत तशीच डोंगरावर आली. मास युस्टसनं सामान बांधून ठेवलं होतं आणि नीरफणसाच्या मुळाशी फुटलेलं एक रोप त्यांच्यासाठी मातीसकट काढून ठेवलं होतं. आयोनीनं आधी रिवाजाप्रमाणे जमिनीच्या चारी कोपऱ्यांत पांढरी रम शिंपडली. मग कुदळ घेतली आणि घर जिथं बांधायचं त्या जागेसमोर खड्डा खणला. पिशवीतून डबी काढली.

डबी उघडेना. इतक्या वर्षांचा गंज. डेलरीननं ती तिच्या हातातून घेतली, ऑफिसला जायच्या तिच्या त्या रंगवलेल्या नखांनी झाकण उचकटलं आणि जायफळाचा वास आला. तिनं डबी डोळ्यांजवळ नेली.

"एवढीशी?" ती म्हणाली.

"एवढीशीच होतीस तू," आयोनी म्हणाली.

"मी ठेवू का, आई?"

तिनंच ठेवली. रोप तिनंच लावलं, पांढऱ्या कपड्यांना माती लावून घेतली आणि मग बराच वेळ उगीचच त्याच्या भोवतालची माती थापटत बसली. आयोनी तिच्याकडं बघत होती. आपली आई आज असती तर, असं तिच्या मनात आलं, आणि तिनं ते मोठ्यानं बोलूनही दाखवलं.

मास युस्टस फाटकाशी उभा होता. गाडी आली होती. बहिणीचा जावई दोनदा हॉर्न वाजवून बसला होता, पण म्हातारा काही हलेना.

"काय झालं, मास? काही राहिलं का?"

"नाही, राहिलं काही नाही." तो टोपी फिरवत होता. "आता जमीन तुझी. मला काही हक्क नाही, कळतं मला. पण महिन्या-दोन महिन्यांतून, त्या बाजूला आलो तर... जरा तिच्यापाशी बसलो असतो."

आयोनीनं हातातली कुदळ खाली ठेवली. आयुष्यभर ज्याची धास्ती घेतली, तेच तिच्या फाटकात उभं होतं, टोपी हातात घेऊन.

"हक्क नाही कसा?" ती म्हणाली. "तुमची माणसं इथं पुरलीत ना? मग यायचं. विचारायचं नाही, सरळ यायचं. आणि जेवल्याशिवाय जायचं नाही."

म्हाताऱ्यानं मान हलवली. तो गाडीत बसला तेव्हा कुंपणाच्या पलीकडून मिस झेल्फाचा आवाज आला, अगदी हळू, पण सगळ्यांना ऐकू जाईल असा, "ढेंचू."

"मिस झेल्फा!" आयोनी गरजली. "माझ्या जमिनीत मयतांची चेष्टा चालायची नाही!"

'माझ्या जमिनीत' हे शब्द तिच्या तोंडून बाहेर पडले आणि तिचे तिलाच ऐकू आले. मग ती कुदळ उचलून, ड्रॅगनभोवती वाढलेलं गवत काढायला गेली.