तिसरं माप

रमजान ईदच्या नमाजाआधी घरातल्या प्रत्येक माणसामागं गरिबाला धान्य द्यायचं, याला फितरा म्हणतात. वडूजचे बाबालाल मुलाणी दरवर्षी त्यासाठी स्वतः गहू मापायचे.

एकुलता मुलगा इलाही मागच्या वर्षी भांडून शिरवळला राहायला गेला. भांडण कशावरून झालं, ते आता दोघांनाही धड सांगता येणार नाही. पण बाबालालनी आळीसमोर बजावलं होतं, "आजपासनं त्यो आमच्या घरातला न्हाई."

यंदा त्यांनी पिशवीत दोन मापं ओतली आणि तिसरं भरायला घेतलं.

"आवं, आपुन दोघंच हाय की," बायको जैतूनबी म्हणाली.

"मला मोजता येतं!" ते खेकसले.

पहिली दोन मापं त्यांनी हात फिरवून सपाट केली होती. तिसरं शिगोशीग भरून ओतलं.