ज्ञच्या खालची नावं

"झिपरू नावाचं कुणीच नाही हो यादीत, आजी. नवीन कागद काढून देते," जयवंती म्हणाली.

"हाय ना बाय. दोन वरसांखाली आनलेलं पोराला. डाक्तरनं कागदावं लाल शाईनं लिव्हलेलं," खिडकीचा गज धरून बुधी म्हणाली. मागे बाकावर तिचा नातू झिपरू सुजलेला पाय पुढे करून, तापाने डोळे मिटून बसला होता.

कोपऱ्यात विश्राम राऊत कागदांना टाचण्या लावत होता. त्याने मान वर केली नाही.

बोईसरच्या त्या ट्रस्टच्या दवाखान्यात तो एकवीस वर्षं पेशंटांचे कागद सांभाळत होता. खिडकीत चेहरा दिसला की हात आपोआप फडताळाकडे जायचा. मग शहाण्णवच्या जूनमध्ये कॉम्प्युटर आला, आणि पालघरला कोर्स केलेली जयवंती आली. तिला पंखा मिळाला, काचेचं दार मिळालं. डॉक्टर तिला 'मॅडम' म्हणू लागले. विश्रामला त्यांनी 'अरे'शिवाय हाक मारलेली नव्हती. जयवंती मात्र त्याला काका म्हणायची, डब्यातली भाजी द्यायची. तेही त्याने तिच्या गुन्ह्यांतच धरलं होतं.

कॉलनीतल्या साहेबलोकांची नावं तिने इंग्रजीत भरली होती, पाड्यांवरची मराठीत. एक अक्षर दाबलं की त्या अक्षराची नावं, फडताळातल्या कागदांच्या नंबरांसकट, पुढे यायची. इंग्रजी नावं शहाण्यासारखी रांगेत उभी राहायची. मराठीत मात्र गोम होती. पहिली वेलांटी लिहिताना अक्षराच्या आधी दिसते. मशीनने नावाचं पहिलं अक्षर म्हणून तीच धरली. त्यामुळे जिवल्या जमध्ये नाही, चिमी चमध्ये नाही, झिपरू झमध्ये नाही. सगळे यादीच्या तळाशी, ज्ञच्या खाली, एका ढिगात पडलेले. जयवंतीला याचा पत्ता नव्हता. विश्रामला गणपतीपासून होता, आणि आता दिवाळीही उलटून गेली होती. एखादं नाव सापडेना, ती रडकुंडीला आली की विश्रामचा तो दिवस छान जायचा.

"काका, तुम्हाला आठवतो का हो हा झिपरू?"

"आमची आठवन आता कोनाला पायजे? मशीनला इचार."

कोरा कागद घेऊन बुधी पोराला आत घेऊन गेली. मंदा सिस्टरने पेनिसिलिनची बाटली हलवायला घेतल्याचं विश्रामला इथून दिसत होतं. त्याने आणखी दोन टाचण्या लावल्या. मग उठला, फडताळातून न शोधता एक कागद ओढला आणि जवळजवळ धावतच आत गेला.

"सिस्टर, सुई थांबवा."

कागदावर लाल शाईत होतं: पेनिसिलिन देऊ नये.

डॉक्टर बाहेर आले. "मॅडम, हा तुम्हाला का सापडला नाही?" जयवंती खाली मान घालून उभी राहिली. "शाब्बास, राऊत," असंही ते जाता जाता म्हणाले. विश्रामने ज्याची वाट पाहिली होती ते सगळं एकाच मिनिटात पदरात पडलं, आणि त्याला काही गोड लागलं नाही.

"तुझं चुकलं नाय," डॉक्टर गेल्यावर तो म्हणाला. "ज्ञच्या खाली जा."

ती गेली. पडद्यावर नावांचा ढीग वर सरकू लागला.

"कधीपासून माहीत आहे तुम्हाला?"

"गनपतीपासून."

"अकरा वेळा विचारलं मी तुम्हाला. अकरा पेशंटांचे दुसरे कागद काढले."

विश्रामने टाचण्यांची डबी बंद केली.

"कळलं कसं पण?"

"माझा हर्नियाचा कागद हाय ना हितं. तू गनपतीला घरी गेलेलीस, तवा बघितलं, मशीन मला वलखतं का. तुझं बघून बघून शिकलेलो." तो थांबला. "वमधे बघितलं. नव्हतो. तळाला होतो."

आणि त्या अकरा जणांचे जुने कागद काढायला तो फडताळाकडे वळला.