चार फुटांचं खुराडं

भटक्या कुत्र्यांनी दोन कोंबड्या पळवल्या, तेव्हा मिस्तरीने मनावर घेतलं. कारखान्यात वीस वर्षं वेल्डिंग केलेला माणूस. परसात जाळीचं खुराडं उभारणं म्हणजे त्याच्या हातचा मळ. आठ फुटी पाइप त्याने बरोबर मधोमध कापले, म्हणजे तुकडाही वाया जायला नको.

बायको कपडे वाळत घालता घालता म्हणाली, "अहो, थोडं उंच करता येईल का?"

"कशाला? कोंबड्यांना आत कवायत करायची आहे?" मिस्तरी हसला. तीही हसली आणि उरलेले कपडे वाळत घालू लागली.

दोन सुट्ट्यांत काम पुरं झालं. चारी बाजूंना घट्ट जाळी, वर उतरते पत्रे, स्क्रूखाली रबराच्या चकत्या. पहिल्या पावसात आत थेंब आला नाही. शेजारीपाजारी बघून गेले. मिस्तरीची कॉलर ताठ झाली.

खुराड्यात रोज जायची ती मात्र बायको. ओणवं होऊन शिरायचं, पाणी बदलायचं, घाण खरवडायची, कोपऱ्यातली अंडी काढायची, आणि तसंच मागे सरकत बाहेर यायचं. तिसऱ्या महिन्यात एका सकाळी ती आत गेली आणि तिला बाहेर येताच येईना. कंबर धरली होती. डॉक्टरांनी पंधरा दिवस पडून राहायला सांगितलं.

मिस्तरीची थोरली बहीण मदतीला आली. तिने स्वयंपाकघर हातात घेतलं, पण कोंबड्यांचं नाव काढताच म्हणाली, "ते तू बांधलंयस, तूच बघ."

मिस्तरी पहिल्यांदाच आपल्या खुराड्यात शिरला. डोकं पाइपवर आपटलं, गुडघे घाणीत गेले. दुसऱ्या दिवशी पुन्हा आपटलं. चौथ्या दिवशी तो कमरेला हात लावूनच कामावर गेला. तिथे वेल्डिंगचं नवं टेबल आलं होतं, नेमकं जुन्यापेक्षा वीतभर ठेंगणं.

संध्याकाळी तो तणतणतच घरी आला. "ऑफिसात बसून मापं ठरवतात! दिवसभर वाकून मरायचं आम्ही. आम्हाला कुणी विचारलं का?"

ताई भाजी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "आणि तू हिला विचारलं होतंस?"

"ते वेगळं. कोंबड्यांना चार फूट रग्गड झाले."

"कोंबड्या स्वतःच झाडून घेतात का?"

"अगं, पाइप वाया गेला असता, ताई."

"पाइप वाचला, कंबर गेली. तुझ्या साहेबानेही असंच काहीतरी वाचवलं असेल बघ."

मिस्तरीला कपड्यांच्या दोरीजवळचं ते बोलणं आठवलं. बायकोने विचारलं होतं. त्यानेच ते हसण्यावारी नेलं होतं. साहेबाने निदान थट्टा तरी केली नव्हती. आतल्या खोलीत ती भिंतीचा आधार घेऊन कूस बदलत होती. तो उठून तिच्याजवळ जाऊन बसला. "चुकलं माझं," एवढंच म्हणाला.

ती हिंडूफिरू लागल्यावरच्या रविवारी त्याने पत्रे उतरवले. उघड्या सांगाड्यात तिला उभं केलं आणि खडू हातात घेतला. "सांग, कुठवर?"

तिने डोक्यावर वीतभर हात धरला. मग म्हणाली, "दार टोपली आत जाईल एवढं रुंद हवं. अंडी बाहेरूनच काढता आली तर रोज शिरायलाच नको. आणि पत्र्याचा उतार मागे करा, आता पाणी दारातच पडतं."

मिस्तरी थक्क झाला. वीस वर्षं मुरलेल्या कारागिराला यातलं एकही सुचलं नव्हतं, कारण आत कधी जावंच लागलं नव्हतं. त्याने खांबांना जोड देऊन खुराडं उंच केलं, तिने सांगितलं तसंच.

घर असो की कारखाना, आपण दुसऱ्याच्या कामाची जागा ठरवून मोकळे होतो आणि वाकायचं कुणाला हे विसरतो. जो रोज आत जाणार, त्याचा शब्द आधी घ्यायला हवा. त्यात उपकार कसले? तो त्याचा हक्कच आहे.

सोमवारी मिस्तरी चार सोबत्यांना घेऊन टेबलाच्या उंचीबद्दल साहेबांकडे गेला. संध्याकाळी परतला तेव्हा बायको ताठ उभी राहून खुराडं झाडत होती.

"घरात आणखी कुठे वाकावं लागतं तुला?" त्याने विचारलं.

तिने झाडू बाजूला ठेवला. "विचारलंच आहे, तर आधी चहा घ्या. वेळ लागेल."