तिसऱ्यांदा विचारणं

अमेरिकेतल्या मिनेसोटातलं डुलुथ. इथल्या माणसाला कॉफी हवी का म्हणून विचारलं, तर तो आधी नको म्हणतो. पुन्हा विचारलं तरी नकोच म्हणतो. तिसऱ्यांदा विचारलं की "बरं, अगदी अर्धा कप" म्हणतो आणि मग निवांत बसून दोन कप पितो. यात कुणाला काही खोटं वाटत नाही. पहिलं नको रीतीचं, दुसरं संकोचाचं. तिसऱ्यांदाही नको आलं, तरच ते खरं. आर्लिन हॉगरूडचं सगळं आयुष्य या हिशेबावर चाललेलं होतं. लग्नाचंसुद्धा त्याने लावॉनला तीनदा विचारलं होतं, आणि पहिल्या दोन नकारांनी त्याची झोप मुळीच उडाली नव्हती.

म्हणूनच त्या गुरुवारी भांडी पुसता पुसता त्याचे कान टवकारले. आतल्या खोलीत लावॉन हेडफोन चढवून कॉम्प्युटरवर खेळत होती आणि खेळता खेळता बहिणीशी, डार्लिसशी, बोलत होती. डार्लिस तिकडे ॲरिझोनात. तिचं बोलणं त्याला ऐकू येत नव्हतं, बायकोचं तेवढं येत होतं.

"छे गं, माझ्यासाठी नको थांबूस. तू हो पुढे," लावॉन म्हणाली. जरा वेळाने पुन्हा, "नाही, खरंच. मला बागेचं केवढं काम पडलंय."

बागेवर अजून गुडघाभर बर्फ होता. आर्लिन ताटली हातात धरून तिसऱ्या उत्तराची वाट बघत उभा राहिला. ते आलंच नाही. "बरं, ठेवते मग," एवढंच ऐकू आलं आणि खुर्ची सरकल्याचा आवाज झाला. ताटली पुसायची राहूनच गेली, कारण दोनच नकारांवर थांबलेलं बोलणं या घराने आधी एकदा भोगलं होतं.

तेव्हा प्रश्न साच्याचा होता. दोघींच्या आईचा बिडाचा साचा, ख्रिसमसला क्रुमकाके, म्हणजे पातळ कुरकुरीत नॉर्वेजियन गोड पापड्या, भाजायचा. आई गेल्यावर डार्लिसने विचारलं, तुला हवा का? लावॉन म्हणाली, नको, तूच ठेव. डार्लिसने पुन्हा विचारलं, लावॉन पुन्हा नको म्हणाली. डार्लिसने तो साचा मार्ना नावाच्या चुलतबहिणीला देऊन टाकला आणि विमानात बसून निघून गेली. लावॉनचा जीव त्या साच्यात अडकला होता हे अख्ख्या डुलुथला कळलं असतं. डार्लिसला कळलं नाही. त्यानंतर कित्येक वर्षं दोघींमध्ये नाताळच्या कार्डांपलीकडे काही उरलं नाही. फोन झालाच तर तिकडचं ऊन, इकडची थंडी, आणि संपलं.

मग डार्लिस कुणाच्या तरी नादाने एका खेळात शिरली. बेटं, मेंढ्या, गुहांतून निघणारे राक्षस, असला तो खेळ. तिने बहिणीला आमंत्रण धाडलं. पडद्यावर प्रश्न आला, येणार का? लावॉनने नाहीवर बोट दाबलं. खेळाने पुन्हा विचारलं, तिने पुन्हा नाही दाबलं. खेळ म्हणाला, नक्की? तेव्हा कुठे बाई आत शिरल्या. यंत्राला रीत ठाऊक आहे, असं आर्लिन त्यावर महिनाभर चिडवत होता.

आणि गंमत अशी, की ज्या दोघींना फोनवर बोलायला सुचत नसे, त्या हातात तलवार आल्यावर घडाघडा बोलू लागल्या. राक्षसाच्या डोक्यात घाव घालता घालता गुडघेदुखी निघायची, नवऱ्यांच्या सवयी निघायच्या, एकदा तर आईचं शेवटचं आजारपण निघालं आणि लावॉन मेंढ्या हाकता हाकता रडली. साचा मात्र कधी निघाला नाही. आता शनिवारपासून खेळ नव्या रूपात येणार होता, नवी बेटं आणि नवं सगळं. लावॉनचा कॉम्प्युटर म्हणजे मुलीने मिनियापोलिसला जाताना मागे ठेवलेला. त्यातलं ग्राफिक्स कार्ड इतकं जुनं, की या यंत्रावर नवा खेळ चालणार नाही, असं पडद्याने सरळ तोंडावर सांगितलं होतं. म्हणजे संध्याकाळचं बोलणंही बंद. आर्लिनला खेळाचं काही नव्हतं. त्याला ते बोलणं हवं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो टेकडीखालच्या कॉम्प्युटरच्या दुकानात गेला. दुकान रेनाटा नावाच्या बाईचं. ती लग्न करून न्यू जर्सीहून इकडे आलेली, आणि अजून तिकडच्याच वेगाने बोलायची. आर्लिनने हवेबद्दल दोन शब्द काढले, ते तिने खाली पडू दिले.

"कार्ड हवंय. ठीक. पेटीत जागा किती आहे? पॉवर सप्लाय केवढ्याचा? प्रोसेसर कुठला?"

आर्लिनला यातलं एकही ठाऊक नव्हतं. तो घरी परतला. लावॉन चर्चमध्ये गोधड्या शिवायला गेली होती, तेवढ्यात त्याने पेटीचं झाकण काढलं. आतली धूळ बघून त्याला जुने दिवस आठवले. जन्मभर त्याने लोकांच्या तळघरांतल्या घर तापवायच्या भट्ट्या दुरुस्त केल्या होत्या. त्याच ब्रशने त्याने सगळं झाडलं, टेप लावून जागा मोजली, आतल्या चिकटपट्ट्यांचे फोटो काढले आणि पुन्हा दुकान गाठलं.

काचेमागे एक लांबलचक, तीन पंख्यांचं कार्ड दिमाखात ठेवलेलं होतं. आर्लिनचं मन त्यावरच बसलं. बायकोला द्यायचं तर हेच.

"ते नाही," रेनाटा म्हणाली. "एक तर ते तुमच्या पेटीत मावणार नाही. मावलं तरी तुमचा पॉवर सप्लाय मान टाकेल. आणि तोही बदलला, तरी तुमचा प्रोसेसर म्हातारा. तो बिचारा धापा टाकणार आणि हे नुसतं बसून राहणार."

हे आर्लिनला चटकन पटलं. छोट्या घरात भली मोठी भट्टी बसवा म्हणणारी गिऱ्हाइकं त्याने थोडी पाहिली नव्हती. मग ते बारकं, स्वस्तातलं? रेनाटाने नाक मुरडलं. ते बसेल, म्हणाली, पण नवी बेटं ओढायला लागलं की पडदा अडखळेल, आणि पंधरा दिवसांनी तुम्ही पुन्हा माझ्या दारात. शेवटी तिने खालच्या खणातून एक वापरलेलं कार्ड काढलं, दोन पंख्यांचं, आखूड. तिचं स्वतःचंच होतं, नुकतंच बदललेलं. एवढ्या पेटीला, एवढ्या विजेला आणि एवढ्या प्रोसेसरला हेच जोडीचं. आर्लिनने हो म्हटलं. पैसे देताना त्याला संकोच नव्हता, संकोच आला तो पुढच्या बोलण्यात.

"दुकान बंद करून मी येते बसवायला," रेनाटा म्हणाली. "जवळच राहता ना?"

"छे छे, तुम्हाला कशाला त्रास."

"बरं. आणि तुमच्या स्क्रीनची जुनी वायर या कार्डात बसणार नाही. ही घेऊन जा, माझ्याकडे ढीग पडलाय."

"नको हो, घरी असेल एखादी."

"बरं," म्हणून तिने वायर परत खणात टाकली.

आर्लिन थांबला. त्याने सरोवरावरचा बर्फ यंदा कसा उशिरा फुटतोय ते सांगितलं. मग पुलाच्या रंगकामाविषयी सांगितलं. रेनाटाने पावती दिली, आणखी काही हवं का म्हणून भुवया उंचावल्या, आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळली. गाडीत बसल्यावर आर्लिनला या बाईच्या आईवडिलांची कीव आली. पोरीला काहीच वळण लावलेलं नव्हतं.

संध्याकाळी त्याने कार्डाचा खोका लावॉनपुढे ठेवला. तिने तो उलटसुलट करून पाहिला, आणि क्षणभर तिचा चेहरा असा उजळला की आर्लिनला धन्य वाटलं. मग ती म्हणाली, "कशाला आणलंस? परत कर."

"बसवून तर बघू."

"नको म्हटलं ना."

इथपर्यंत सगळं ठीक होतं. आर्लिन मनात हसत होता. त्याने खोका तिच्या हाताशी सरकवला. "घे गं, लावॉन."

"नको, आर्लिन."

तिसरं. त्याने खुर्ची ओढली आणि बसला. एवढ्या वर्षांत तिसरं नको त्याने हाताच्या बोटांवर मोजण्याइतकं ऐकलं होतं.

"डार्लिसने दोनदाच विचारलं," लावॉन टेबलाकडे बघत म्हणाली. "साच्याच्या वेळी दोनदाच, आणि आता थांबू का म्हणून विचारलं तेही दोनदाच. तिला मी नको असेन, तर मी कशाला मागे मागे जाऊ? तुझं कार्ड चांगलंच असेल रे."

आर्लिनला धीर द्यायला कधी धड जमलं नव्हतं. म्हणून त्याने तिला दुकानातली हकिकत सांगितली. बसवायला येते म्हणाली, मी नको म्हटलं, तर बरं म्हणाली. वायर दिली, मी नको म्हटलं, तर खणात टाकली. मी पुलाच्या रंगापर्यंत बोलत उभा राहिलो, पण बाई काही पुन्हा विचारेना. लावॉनला नको नको म्हणताना हसू फुटलं.

"कुठली आहे ती?"

"न्यू जर्सीची."

"मग बरोबर."

"वाईट नाहीये ती," आर्लिन म्हणाला. "स्वतःचं कार्ड काढून दिलं तिने. तिला आपला हिशेबच ठाऊक नाही. नको म्हटलं की तिला ते नकोच वाटतं." त्याने खोका पुन्हा तिच्याकडे सरकवला. "आणि डार्लिस किती वर्षं तिकडे आहे, लावॉन?"

लावॉनने टेबलावरचं फडकं ओढलं. त्याची चौपदरी घडी करून ठेवली. पण खोका परत कर, असं ती पुन्हा म्हणाली नाही, आणि आर्लिनला तेवढं पुरे होतं.

शनिवारी तो दुकान उघडायच्या आधीच दारात उभा होता. या खेपेला त्याने हवेचं नावसुद्धा काढलं नाही.

"तुम्ही येते म्हणाला होतात, तर या," तो म्हणाला. त्याचे कान लाल झाले होते. "आणि ती वायर. तीही हवी."

"मग काल नको का म्हणालात?"

"मी हो म्हणायला निघालोच होतो. तुम्ही मध्येच थांबलात."

रेनाटाने त्याच्याकडे बराच वेळ पाहिलं. पण ती दुपारी आली. जुनं कार्ड निघालं, नवं खटकन बसलं, वायर लागली, पंखे हलक्या आवाजात फिरू लागले. लावॉनने लिंबाच्या वड्यांची ताटली पुढे केली. रेनाटाने पहिल्याच विचारण्याला हो म्हणून वडी उचलली. शेवटी ताटलीत एकच उरली. आता या गावात शेवटची वडी कुणी घेत नाही. तिचा अर्धा, मग त्या अर्ध्याचा अर्धा, असं करत संध्याकाळपर्यंत ताटलीत एक कण उरतो. रेनाटाने ती सबंध उचलली आणि तोंडात टाकली. हॉगरूड नवराबायको तिच्याकडे बघतच राहिले. "मस्त झाल्यात," बोटं चाटत ती म्हणाली. तिला निरोप दिल्यावर लावॉन किती तरी वेळ त्या रिकाम्या ताटलीकडे बघत होती.

दिवेलागणीला तिने हेडफोन चढवले. नवं बेट पडद्यावर आलं, गवताची पातीन् पाती हलताना दिसत होती. पण डार्लिसचा आवाज हेडफोनमधून येईना. नव्या वायरीतून चित्राबरोबर आवाजही जात होता, तो स्क्रीनच्या बारक्या स्पीकरमधून अख्ख्या खोलीत ऐकू आला. दारात उभ्या असलेल्या आर्लिनने मेहुणीचा आवाज इतक्या वर्षांनी ऐकला. लावॉनचाच आवाज, नुसता जरा उन्हात वाळलेला.

"लावॉन? अगं, तू आहेस? तुझं तर चालणार नव्हतं ना?" मग जरा अडखळत, "मी आत्ता त्या पलीकडच्या बेटावर निघालेय. येतेस?"

आर्लिनने श्वास रोखला. लावॉनचं तोंड उघडलं ते सवयीने 'न'साठीच उघडलं, त्याला स्पष्ट दिसलं. तिने ते मिटलं.

"हो," ती म्हणाली.

 पडद्यावर मेंढ्या चरत होत्या.

"मी एकदाच विचारलं," डार्लिस म्हणाली.

"ऐकलं मी."

"साच्याच्या वेळी माझं एक विचारणं राहून गेलं गं. विमानात बसल्यावर लक्षात आलं. मग फोन करायची लाज वाटली, आणि मग वर्षं गेली."

"माझी दोन नको जास्त झाली," लावॉन म्हणाली. "मला तो हवा होता, डार्लिस. फार हवा होता."

"माहितेय."

 मग गुहेतून राक्षस निघाला आणि डार्लिस ओरडली, डावीकडे बघ, डावीकडे. लावॉनने नाक ओढलं आणि तलवार उपसली.

आर्लिन स्वयंपाकघरात गेला, दोन कप कॉफी ओतली आणि एक कप काही न विचारता बायकोच्या हाताशी नेऊन ठेवला. पडद्यावरची नजर न काढता तिने तो उचलला आणि तोंडाला लावला.