बाजूची पात

सोयाबीन काढण्यात धम्मशीलाचा हात धरणारं अख्ख्या वालुरात कुणी नव्हतं, आणि हे तिला पक्कं ठाऊक होतं. रानात उतरलं की बायांच्या ओळीत पहिली पात तिची. पात म्हणजे ज्यानं त्यानं कापत न्यायचा आपला पट्टा. तिच्या हाताखाली तयार झालेल्यांचा एकच नेम होता: बाजूची पात मागं राहिली, तर आपण पुढं जायचं नाही, वळून तिला हात लावायचा.

हजेरीला, म्हणजे दिवसाच्या मजुरीला, मात्र असला नेम नव्हता. गडी आणि बाया एकाच रानात तेच सोयाबीन कापत. पण दरसाल गड्यांच्या हजेरीत पन्नास-शंभर वाढायचे, आणि बायांची दहा-वीसावर बोळवण व्हायची. यंदा गड्यांना सहाशे, बायांना तीनशे. धम्मशीलानं आदल्या दिवशीच शेतमालक योगीराजला बजावलं होतं, "हजेरी एक करा, न्हाईतर आमी इळा उचलणार न्हाई."

योगीराज पक्का धोरणी. सकाळी त्यानं तिला एकटीला बांधाकडं बोलावलं.

"मावशी, तुमाला गड्याची हजेरी देतो. बाकीच्या बायांना सांगू नका म्हंजे झालं."

दुप्पट पैसे! मोह कुणाला होत नाही? तिलाही झाला. पण तिकडं नवी नवरी सविता पात धरून तिचीच वाट बघत उभी होती. धम्मशीला परत आली, विळा खाली ठेवला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "मला एकटीला सहाशे देऊ म्हणायलेत. मही पात हितंच थांबली."

ती बसली, तशा बायाही बसल्या.

शेंगा तडकायला आल्या होत्या. आजचा दिवस गेला तर दाणे रानातच सांडणार. योगीराजचा पारा चढला.

"बसा मग! नागेश, बायांच्या पाती तुमी गडीच धरा. वर शंभर देतो."

नागेश धम्मशीलाचा थोरला लेक, गड्यांच्या ओळीत पहिला. तो विळा घेऊन सरळ तिच्याकडं आला. पोटच्या पोरानंच आपली पात कापली, तर गावात तोंड कुठं दाखवायचं?

नागेशनं तिच्या विळ्याशेजारी आपला विळा ठेवला आणि मांडी घातली.

"हे काय लावलंय?" योगीराज ओरडला.

"मालक, बाजूची पात मागं रायली की म्होरं जायाचं नस्तं. मायनं शिकवलंय."

नागेशच्या बाजूची पात धरणारा मुंजाजी बसला. बाकीचे गडीही कुरकुरत का होईना, बसले.

योगीराजनं एकदा उन्हाकडं, एकदा पिकाकडं पाहिलं. "उठा बाबांनो. सगळ्यांना सहाशे."

धम्मशीलाचा ऊर भरून आला. असा लेक आपण वाढवला! पण तसं बोलून दाखवेल तर ती धम्मशीला कसली. तिनं पदर खोचला.

"लय शहाणा झालास. आता हजेरी सारखी हाय, मह्या मागं राहू नको."

दुपारपर्यंत तो मागं राहिलाच. ती हसली आणि वळून त्याच्या पातीला लागली.