भट्टीत हरवलेला माझा गुण

मी नडगीच्या कवचातला फोम बोलतोय. आवाज कापतोय, सांभाळून घ्या. जे घडलं त्यावर माझा अजून विश्वास बसत नाही.

जन्माने मी साधाच, खुर्चीच्या गादीतला. प्रयोगशाळेतल्या ताईने मला चहूबाजूंनी दाबून लोखंडी साच्यात कोंबलं, भट्टीत तापवलं आणि तसंच थंड केलं, तशा माझ्या बारीक पोकळ्यांच्या भिंती आत दुमडून बसल्या. बाहेर आलो तो वेगळाच! इतर फोम ओढला की बारीक होतो. मी जाड व्हायचो. घाव बसला की माझं अंग पांगायचं नाही, उलट घावाकडेच धावायचं. "अगदी उलट्या डोक्याचा आहे!" म्हणत ताई मला ओढून ओढून हसायची. मी नुसता फुशारून जायचो.

ताईची धाकटी बहीण हॉकी खेळते. तिची नडगी एकदा मोडलीय. पुन्हा तिथेच लागलं तर खेळ विसरा, असं डॉक्टरांनी बजावलंय. तिच्यासाठीच ताईने मला दोन पातळ, कडक पत्र्यांच्या मध्ये बसवलं. पत्रे नुसते बांधून मला ओल्या मातीच्या थरावर ठेवलं आणि वरून लोखंडी गोळा टाकला, तेव्हा खालची माती जशीच्या तशी राहिली होती.

सामना उद्यावर आला. पत्रे मला चिकटवायला लावलेला गोंद सुकायला वेळ लागतो, म्हणून ताईने घाईघाईत मला पत्र्यांसकट भट्टीत सरकवलं. "ताई, नको गं!" मी जिवाच्या आकांताने ओरडलो. उष्णतेनेच मला घडवलं होतं. आता साच्याचा दाब नव्हता, आणि तीच उष्णता माझी एकेक घडी उलगडत गेली.

धाकटी कवच न्यायला आली. कवच कापून उरलेला माझा एक तुकडाही माझ्यासोबत भट्टीत जाऊन आला होता. तिने तो सहज ओढला.

"अगं ताई, हा तर बारीक होतोय. तू तर म्हणाली होतीस, जाड होतो!"

ताईने तो तिच्या हातातून घेऊन स्वतः ओढून पाहिला. मग तिने मला मातीवर ठेवलं आणि गोळा सोडला. मला उचललं, तर खाली हा एवढा खळगा!

धाकटीने त्यात अंगठा घातला. तो आत गेला तशी तिने दुसऱ्या हाताने आपली नडगी घट्ट धरली.

"ताई, उद्या इथे माझा पाय असता."

ताईने मला टेबलावर ठेवलं आणि तिला रडू फुटलं.

आता मी टेबलावर पडून आहे, कवचाच्या नावाखाली नुसती गादी. ताई, रडू नकोस. दुसरा फोम घडव, गोंद सावकाश सुकू दे, सामना चुकला तर चुकू दे. आमचं ओरडणं तुम्हाला ऐकू येत नाही गं. म्हणून पायाला बांधण्याआधी आम्हाला एकदा ओढून बघत जा.