अर्ध्या कानातल्याच्या नऊ गाठी

मुलीचा दवाखान्यातून फोन आला तेव्हा टर्नर खळीत बुडवलेली लेसची फुलं थर्माकोलवर पिनांनी ताणून बसवत होता. "बाबा, आई गेली," एवढंच ती म्हणाली. तो "आलो" म्हणाला, आणि उरलेल्या चार फुलांना पिना टोचूनच उठला. खळ वाळली की वाकडं फूल वाकडंच राहतं. त्या चार फुलांबद्दल तो पुढे कुणाशीच बोलला नाही.

कारखान्यातलं लेथवरचं काम सुटलं तरी सगळे त्याला टर्नरच म्हणत. बायको घरी बसून टॅटिंगचे दागिने करायची. बोटभर होडीसारखं शटल, त्यावर गुंडाळलेला धागा, आणि गाठीला गाठ लावत केलेली गळ्यातली, कानातली. गाठी तिच्या; खळ, हुक आणि टपाल याचं. अठरा वर्षांत त्यानं शटल हातात धरलं नव्हतं.

पंधरा दिवसांनी चष्मेवाली गिऱ्हाईक आली. तिच्या मुलीच्या लग्नाचा सेट होता. गळ्यातलं तयार, एक कानातलं तयार, दुसरं अर्धं.

"राहू द्या हो काका. मी बघते दुसरं काहीतरी."

"रविवारी न्या," टर्नर म्हणाला.

ती गेल्यावर मुलगी म्हणाली, "बाबा, तुम्हाला शर्टाचं बटण लावता येत नाही."

"या हातांनी केसाएवढं माप धरलंय."

"धरलं असेल. लोखंडाचं."

त्याला ते कानातलं बायकोच्याच धाग्यात पुरं करायचं होतं. तिनं शेवटी सुरू केलेल्या पाकळीत तिच्या सहा गाठी होत्या आणि शटल तसंच लटकत होतं. मोबाइलवर बघून बघून त्यानं पुढे नऊ घातल्या. अगदी घट्ट, एकसारख्या. मग पाकळी मिटायला धागा ओढला. पाकळी हलेना. अजून ओढला. बोट कापलं, पाकळी होती तशीच.

शुक्रवारी बायकोची थोरली बहीण, ताई, आली. टॅटिंग दोघी बहिणी एकत्रच शिकल्या होत्या. तिनं कानातलं उजेडात धरलं.

"काय हो टर्नर, बोल्ट आवळलेत की काय?"

"सैल नकोत म्हणून..."

"अहो, डाव्या हातावरचा धागा सैलच सोडायचा असतो. तेव्हा गाठ उलटते आणि आतला धागा सरकतो. तुम्ही दोन्ही हातांनी ओढलंत. तुमच्या नऊही गाठींनी धागा गच्च धरलाय."

"मग?"

"कापायचं. तिच्या सहासकट. पाकळी एकच ना."

टर्नरनं कानातलं तिच्या हातातून परत घेतलं. ताईनंच मग आवाज खाली आणला. "सुईनं उकलता येईल. पण एकेका गाठीला जीव जातो बघा. रविवारपर्यंत कुठलं व्हायला?"

"तिचं तयार कानातलं द्यायचं ठरलंय. जोडीचं दुसरं तुम्ही कराल?"

"माझी गाठ तिच्यापेक्षा मोठी. जोडीला शोभायचं नाही. दोन्ही नवीच करते. तिचं ठेवा तुम्ही."

त्याला हो म्हणवत नव्हतं. पण लग्न कुणासाठी थांबणार? तो मान हलवून खळ शिजवायला आत गेला.

रविवारी चष्मेवालीनं सेट गळ्याशी, कानाशी धरून पाहिला. "अगदी त्यांच्याच हातचा वाटतो," ती म्हणाली.  टर्नरनं डबी बांधून दिली.

आता दुपारी जेवण झालं की तो खिडकीशी बसतो. भिंग, बारीक सुई. धागा पिसकटू नये म्हणून फार वेळ बसत नाही. मुलगी विचारते, "झाली का एखादी?" कधी होते, कधी चार-चार दिवस होत नाही. कंबर धरते, डोळ्यांना पाणी येतं, ते तो भिंगाच्या माथी मारतो.

बायकोच्या सहा गाठी शाबूत आहेत. त्याच्या नवांपैकी चार सुटल्या. पाच राहिल्यात. ती पाकळी मिटायची आहे, आणि त्या पाकळीपुढच्या तीन पाकळ्या अजून कुणी घातलेल्याच नाहीत.